मागचं पीठ

“बॅग भर,” आई म्हणाली. “कपडे जास्त घेऊ नकोस, तिकडे आहेत तुझे. औषधं घे आणि रिपोर्टांची फाइल घे. दुपारची गाडी आहे.”

रात्रभर एसटीत बसून ती नगरहून कराडला आली होती. अजून पायही धुतले नव्हते. ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून भिंतीवरच्या फळ्यांकडे बघत होती. फळ्यांवर हिरव्या पट्ट्यांचे स्टीलचे डबे ओळीने मांडलेले, आणि डब्यांच्या शेजारी तात्या, माझे सासरे, हातात फडकं घेऊन उभे. मुलाचा निकाल लागताना बाप उभा राहतो तसे.

“विहीणबाई, आधी चहा तरी घ्या,” ते म्हणाले.

“घेते की. पण तात्या, मला एक सांगा. एवढे डबे, एवढ्या पट्ट्या, आणि पोरगी अशी का दिसते? हिच्या बांगड्या बघा. कोपरापर्यंत जातात.”

तात्या पुसलेलाच डबा परत पुसू लागले. मी मात्र आईवर चिडले. सगळं वाढवून सांगायची तिची जुनी सवय. बांगड्या मनगटाच्या जरा वर जात होत्या, एवढंच. पण ते तिला सांगायला गेले असते तर तिने तिथेच करून दाखवलं असतं, म्हणून गप्प बसले.

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गव्हाने माणूस आजारी पडतो असं तेव्हा आमच्याकडे कुणाला सांगितलं तर लोक हसायचे. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मलाही आधी हसूच आलं होतं. त्या आधीचं वर्ष मात्र हसण्यासारखं नव्हतं. पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं, आणि त्यानंतर माझं रक्त काही केल्या वाढेना. गोळ्या झाल्या, खजूर झाले, बीट खाऊन खाऊन जीभ लाल झाली. शेवटी पुण्याला तपासण्या झाल्या आणि आजाराचं नाव कळलं, सिलिअ‍ॅक. गव्हात ग्लूटेन म्हणून काहीतरी असतं, ते माझ्या आतड्याला चालत नाही. पोळी बंद, रवा बंद, मैदा बंद, शेवया बंद. “कणभरसुद्धा नको,” डॉक्टर म्हणाले होते. “आणि रक्तात या आजाराचा जो आकडा येतो, तो खाली येईपर्यंत मुलाचा विचार करू नका.”

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा माझा नवरा केदार पंख्याकडे बघत बसला. तात्यांनी मात्र लगेच विचारलं, “कणभर म्हणजे किती? गव्हाच्या परातीत भाकरी थापली तरी बाधतं?”

“तरी बाधतं.”

“असं होय,” तात्या म्हणाले, आणि मी शपथेवर सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली.

तात्या एसटीच्या डेपोत भांडारपाल होते. उभा जन्म सुटे भाग आणि तेलं सांभाळण्यात गेला. तिथे म्हणे प्रत्येक तेलाचं माप वेगळं असायचं आणि मापाला रंगाचा पट्टा असायचा. इंजिनचं तेल ज्या मापाने मोजलं त्याने गिअरचं मोजलं, की गाडी घाटात बसलीच म्हणून समजा. निवृत्तीनंतर एवढी शिस्त घेऊन करायचं काय, हा प्रश्नच होता. सासूबाई माझ्या लग्नाच्या काही वर्षं आधीच गेल्या होत्या. मी शाळेत शिकवायला जायची, केदार साखर कारखान्यात, आणि घरातला अर्धा स्वयंपाक तात्याच करायचे. माझ्या आजारामुळे तात्यांना परत नोकरी लागली, असं केदार म्हणायचा.

आठवड्याभरात त्यांनी स्वयंपाकघराचा डेपो केला. गव्हाचं सगळं लाल पट्टीचं आणि सगळ्यात खालच्या फळीवर. “पीठ खाली सांडतं. वरचं खाली आलं तर चालेल, खालचं वर जाता कामा नये.” माझं सगळं हिरव्या पट्टीचं आणि वरच्या फळ्यांवर. ज्वारी, तांदूळ, नाचणी, बेसन, मग राजगिरा आणि शिंगाडा लहान डब्यांत. बाजरीचं पीठ आठवड्यात कडू होतं म्हणून ते थोडंच दळायचं आणि उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवायचं. ज्वारीचं पीठ शिळं झालं की भाकरी थापताना चिरते, म्हणून तेही थोडं थोडंच. चाळणी वेगळी, परात वेगळी, तवा वेगळा. बाहेरच्या गिरणीत कुणाच्या गव्हावर माझी ज्वारी पडायला नको म्हणून मागच्या गॅलरीत घरघंटी आणून बसवली, आणि तिच्यात गहू कधीही दळायचा नाही असं केदारला तीन-तीनदा बजावलं. केदार घरघंटीच्या वाटेलासुद्धा जात नसे, ते वेगळं. घरचा गहू मात्र आधीसारखाच बाजारातल्या गिरणीत जायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हिरवा डबा संपला की धुतल्याशिवाय आणि उन्हात वाळवल्याशिवाय त्यात नवं पीठ पडायचं नाही. जुन्यावर नवं ओतलं की किडा होतो, वास लागतो. माझा डबा दर वेळी तळापासून घासलेला असायचा.

शेजारच्या पाटणकर काकू थट्टा करायच्या. “काय तात्या, सुनेचं सोवळं का?”

“सोवळ्याला सुट्टी असते काकू,” तात्या म्हणायचे. “याला नसते.”

एवढं होऊनही माझा आकडा खाली येईना. पहिल्या तपासणीला वाटलं, वेळ लागत असेल. दुसऱ्या तपासणीला आम्ही घर पालथं घातलं आणि गुन्हेगार सापडला, हिंग! डबीतल्या हिंगात कणीक मिसळलेली असते हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तात्यांनी ती डबी अशी चिमटीत धरून बाहेर नेली की विंचू धरलाय असं वाटावं. त्या दिवशी आम्ही तिघांनी साबुदाण्याची खीर खाल्ली. तिसऱ्या तपासणीला आकडा होता तिथेच. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “कुठून तरी गहू पोटात जातोय, मॅडम. रोज जातोय.”

परतताना गाडीत केदारने हळूच विचारलं, “तू बाहेर काही खात नाहीस ना, शाळेत वगैरे?” साताऱ्यापर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. साताऱ्यानंतर जे बोलले त्यापेक्षा ते न बोलणंच बरं होतं.

त्या रागात मी आईला फोन केला, आणि आई गाडीत बसली.

तिचं म्हणणं सरळ होतं. तीन महिने माहेरी, तिच्या हाताखाली. तिथे आकडा उतरला तर दोष कुठे आहे ते कळेल. मला नेमकी त्याचीच भीती वाटत होती. मी माहेरी जाऊन बरी झाले तर या घरातच खोट आहे असं ठरणार. मग आई मला परत पाठवणार होती का? आणि मी कुठल्या तोंडाने परत येणार होते, रोज माझे डबे उन्हात मांडून बसणाऱ्या त्या माणसासमोर? मला बरं व्हायचं होतं, पण इथे, याच घरात व्हायचं होतं. हे मी आईला बोलले नाही. अंगात भांडायची ताकद नव्हती. मुकाट्याने बॅग काढली.

“जायचंच असेल तर पीठं इथली घेऊन जाऊ दे,” तात्या म्हणाले. “तिकडं गिरणीत कशावर दळून देतील काय सांगावं. काल संध्याकाळीच दळलंय. रात्रभर निवलंय. गरम भरलं तर डब्याला घाम सुटतो.”

आई चहाचा कप घेऊन ओट्याशी टेकून उभी राहिली. मी खाली बसून औषधांच्या पट्ट्या पिशवीत भरत होते. तात्यांनी माझ्यासाठी लहान डबे काढले, झाकणांसकट कोरड्या फडक्याने आतून पुसले, खिडकीच्या उजेडात धरून बघितले, एकाला बोट लावून वास घेतला. मग ते गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले. खालच्या फळीवरचा मोठा डबा पुढे ओढला आणि त्याचं झाकण काढलं. त्यातलं चिमूटभर पीठ घेतलं, कपाळाला लावलं आणि पहिल्या लहान डब्यात सोडलं. फडक्याला हात पुसला. मग परातीतलं ज्वारीचं पीठ हिरव्या मापाने त्यावर भरायला सुरुवात केली.

हे सगळं त्यांनी इतकं सहज केलं, की मी बघत असूनही मला काही दिसलं नाही. देवाला हात जोडणाऱ्या माणसाकडे आपण थोडंच निरखून बघतो?

ते दुसऱ्या डब्यासाठी वाकले.

“तात्या,” आई म्हणाली, “त्यात काय घातलंत?”

“ज्वारी आहे. ही तांदळाची आता.”

“त्याच्या आधी. चिमटीनं काय घातलंत?”

“ते होय. ते काही नाही हो, मागचं आहे. डबा अगदी कोरा भरत नाहीत आमच्यात. जुन्या डब्यातलं चिमूटभर मागचं घालायचं, मग नवं. दर वेळी घालतो मी.”

“जुना डबा कुठला?”

“हा काय,” तात्या म्हणाले, आणि त्यांनी डबा पुढे केला.

डब्याला लाल पट्टी होती.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. मला आनंद झाला. पोटातून उसळून आला. सापडलं! मी बरी होणार. माझं शरीर नाठाळ नाही, मी खोटारडी नाही. मग मी तात्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि तो आनंद तिथल्या तिथे कुठे गेला कळलं नाही.

ते डब्याकडे बघत होते. पट्टीवर अंगठा ठेवून त्यांनी ती झाकली, अंगठा काढला, परत झाकली. मग हळूच डबा फरशीवर ठेवला आणि शेजारी बसले. त्यांना मी तसं खाली बसलेलं कधी बघितलं नव्हतं. गुडघे दुखायचे त्यांचे.

“लाल आहे,” ते म्हणाले. “उभ्या नोकरीत माझ्या हातून एका मापाचं तेल दुसऱ्यात गेलं नाही. आणि मी माझ्या हातानं... दर खेपेला...”

“तात्या, तुम्हाला माहीत नव्हतं,” मी म्हणाले.

“माहीत कसं नव्हतं? पट्टी मीच मारली ना? गहू आहे हे माहीत होतं की मला. पण हा गहू आहे असं कधी वाटलंच नाही.” त्यांनी आईकडे बघितलं. “विहीणबाई, घेऊन जा हिला. आत्ताच जा. पीठ नेऊ नका, या घरातलं काहीच नेऊ नका. तुमचं बरोबर होतं.”

आता आई सुटणार, असं मला वाटलं. तिची जीभ अख्ख्या गल्लीला माहीत होती. मी तिच्याकडे बघून नको नको अशी मान हलवली. तिने कप ओट्यावर ठेवला, पदर सावरला आणि तीही तात्यांच्या समोर खाली बसली.

“कुणाचं पीठ आहे ते?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“गव्हाचं पीठ माझ्याही घरी आहे तात्या. मी काही ते कपाळाला लावत नाही. कुणाचं आहे?”

तात्यांनी डबा जवळ ओढला. मग डब्याच्या कडेवर बोट फिरवत बोलू लागले.

“केदारच्या आईचं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी दळून आणून भरून ठेवलं तिनं. म्हणाली, दोन दिवसांत येते, तोवर तुमचं दोघांचं भागेल. ती काही परत आली नाही. दिवस झाले, पाहुण्यारावळ्यांनी त्यातलंच खाल्लं. तळाशी थोडं राहिलं. डबा कधी रिता करायचा नाही ही तिची शिस्त. तळाला मागचं ठेवायचं, वर नवं घालायचं. मी तेच करत आलो. तेव्हापासून हा डबा एकदाही रिता झाला नाही. म्हणजे त्यात तिचं असणारच की. थोडं का होईना.”

“मग?”

“मग ही आली. हिचे डबे वेगळे झाले. नव्या डब्यात पहिलं पीठ सासूच्या डब्यातलं पडावं, एवढंच माझ्या मनात. ती असती तर तिनंच घातलं असतं. एकदाच घालायचं असतं खरं तर. पण हिचे डबे मी दर खेपेला धुतो, ते परत कोरे होतात. म्हणून दर खेपेला.”

मला तेव्हा लख्ख कळलं. माझ्यासाठी ते जितके झटून डबे घासायचे, तितक्या वेळा मला गहू घालायचे. राग यावा असं त्यात काही असतं तर बरं झालं असतं. मला रडू आलं, आणि रडताना माझ्याच्याने एवढंच बोलवलं, “मी जाणार नाहीये कुठे. आई, मी इथेच राहणार आहे.”

“तुला कुणी विचारलं?” आई म्हणाली. पण बॅगेची चेन तिनेच ओढून लावली आणि बॅग पायाने कोपऱ्यात सरकवली.

तात्या गुडघ्यावर जोर देत उठले. लाल पट्टीचा डबा उचलून मागच्या दाराकडे निघाले.

“कुठं चाललात?”

“टाकतो. हे घरात नको.”

“अन्न टाकणार? त्यांच्या हातचं?” आईने जाऊन त्यांच्या हातातून डबा घेतला. घेतला म्हणजे ओढूनच घेतला. “परात कुठली, लाल पट्टीची ना? पोळपाट दाखवा. अनघा, तू बाहेर हो. पार पुढच्या खोलीत जाऊन बस, पीठ उडेल.”

मला माझ्याच स्वयंपाकघरातून हाकलण्यात आलं. मी पुढच्या खोलीत दाराच्या चौकटीशी बसून बघत राहिले. आईने पदर खोचला आणि डबा परातीत पालथा केला. तळाला चिकटलेलं पीठ चमच्याने खरवडून काढलं, कडेकडेचं बोटाने निपटून काढलं. कण राहू दिला नाही. कणीक भिजवली, थोडा वेळ झाकून ठेवली. मग पोळ्या लाटायला घेतल्या. तात्या तव्याशी उभे राहिले. आई लाटायची, ते भाजायचे. पोळीचा वास माझ्यापर्यंत आला. कितीतरी दिवसांनी तो वास इतक्या जवळून येत होता.

“जेवा,” आईने तात्यांचं ताट वाढलं. पोळी, तूप, सकाळची वांग्याची भाजी.

“एवढ्या?”

“दोन केदारला ठेवल्यात. बाकी तुम्ही संपवायच्या.”

तात्यांनी पहिला घास घेतला. मला वाटलं आता हे रडणार. पण ते नीट चावून जेवले. पहिली पोळी संपली, दुसरी संपली. तिसरी अर्धी झाली तेव्हा त्यांचा हात थांबला.

“आता जात नाही हो.”

“भूक संपली का?”

“भूक आहे,” तात्या म्हणाले. “पण मग संपेलच की.”

आई त्यांच्या समोर उभी होती, हाताला पीठ तसंच. ती खाली बसली, त्यांच्या ताटातली अर्धी पोळी उचलली आणि घडी करून तोंडात घातली. माझी आई कुणाच्या ताटातलं खात नाही. माझ्या वडलांच्यासुद्धा खात नसे.

“विहीणबाईंना मी कधी बघितलं नाही,” ती म्हणाली. “त्यांच्या हातचं जेवायचं राहून गेलं होतं.” मग थोडं चावून म्हणाली, “मऊ आहे. गहू चांगला निवडून घ्यायच्या त्या.”

“दाण्यावर दाणा घासून बघायची,” तात्या म्हणाले. “दुकानदार वैतागायचा.”

आणि मग ते रडले. आई तिथेच बसून राहिली आणि ते रडायचे थांबेपर्यंत दुकानदाराबद्दल एकेक विचारत राहिली. मी लांबून बघत होते. माझ्या सासूबाईंच्या पोळीचा एक घास मला खाता येणार नव्हता आणि ती घरातून संपत होती. मला त्या वेळी त्यांचा हेवा वाटला, त्या दोघांचा. आणि फार माया वाटली.

दुपारची गाडी निघून गेली. कुणी तिचं नावही काढलं नाही. हिरव्या डब्यांतली पीठं पाटणकर काकूंना दिली. एकदम सहा-सात पीठं आल्यावर त्यांना कळेना की आपलं काय चुकलं. मग डबे, मापं, चाळणी, फळ्या, सगळं धुऊन निघालं. आई घासत होती, तात्या विसळत होते. कोरडं मी करायचं असं ठरलं, कारण पाण्यात उभं राहून मला चक्कर येत होती. कराडचं एप्रिलचं ऊन, गच्चीवर घातलेले डबे तासाभरात हात लावू नये इतके तापले. लाल पट्टीचा मोठा डबाही त्यांत होता. त्याची पट्टी तात्यांनी रॉकेलच्या बोळ्याने घासून घासून काढली.

“गव्हाचा डबा आता दुसरा घ्यायला लागेल,” मी म्हणाले.

“कशाला? गहू आणायचाच नाही आता घरात.”

“तात्या, तुम्हाला पोळीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.”

“डेपोच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या खाऊन खाऊन दात पडले माझे. आता भाकरी खाल्ली तर काय बिघडतं?”

संध्याकाळी केदार कारखान्यातून आला. त्याला आईने दारातच सगळं सांगितलं, तिच्या मानाने फारच थोडक्यात. तो हातपाय धुऊन आला, ओट्याशी उभ्या उभ्या त्या दोन पोळ्या नुसत्याच खाल्ल्या, आणि ताटलीत पडलेले तुकडेही बोटाने टिपून खाल्ले. मग माझ्याजवळ येऊन बसला. “गाडीत मी तुला तसं विचारायला नको होतं,” तो म्हणाला. मी म्हटलं, “नकोच होतं.” त्याच वर्षी पुढे आकडा उतरला आणि वर्ष-दीड वर्षाने ऋजुता झाली. पण त्या संध्याकाळी आमच्यातल्या कुणालाच ते माहीत नव्हतं.

तात्यांनी तेवढ्यात घरघंटी पुसून ज्वारी दळायला लावली होती. रात्रीच्या भाकरीपुरती नाही, मोठा डबा भरेल एवढी. पीठ परातीत पसरून पंख्याखाली निववलं. मग त्यांनी पट्टी काढलेला मोठा डबा पुढ्यात घेतला, आतून फडकं फिरवलं, उजेडाकडे धरून बघितला. आणि त्यांचा उजवा हात सवयीने खालच्या फळीकडे गेला.

खालची फळी रिकामी होती. हात तिथेच थोडा वेळ थांबला, मग मागे आला.

“कोराच भरायचा आता,” ते म्हणाले.

 आई भाकरीसाठी आधण ठेवत होती. पाठमोरीच म्हणाली, “तुमच्या संसाराच्या पहिल्या डब्यात मागचं कुठून आणलं होतं हो?”

तात्या आठवू लागले. “कुठलं आणणार? माझी आई मी लहान असतानाच गेलेली. लग्न झालं, इथं बदली झाली, एक खोली भाड्यानं घेतली. केदारच्या आईनं डबा घेतला तेव्हा मागचं काही नव्हतंच.”

“मग काय केलं त्यांनी?”

“काय करणार? दळण आणलं, हातानं एक मूठ भरून आत घातली. म्हणाली, कुणाचं नाही तर माझ्यापासून धरा. मग ओतलं बाकीचं.”

बोलता बोलता ते थांबले. डबा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. परातही ओढून आणली.

“अनघा, घाल बाळ,” ते म्हणाले. “आता तुझ्यापासून धरू.”

मी मूठ भरायला हात पुढे केला. तात्यांनी तो वरच्या वर अडवला.

“थांब. ओला आहे तो. हात कोरडा कर आधी.”

खरंच ओला होता, नुकतेच डोळे पुसले होते त्याच हाताने. मी ओढणीला हात पुसला, बोटांच्या मधूनही पुसला. त्यांना दाखवला. त्यांनी तळवा उजेडाकडे धरून बघितला आणि मान हलवली. मग मी मूठ भरली आणि डब्यात घातली.